शेजारच्या आजींची १९६९ ची जीटीओ : मागायचे किती?

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही ओहायोत राहतो, क्लीव्हलंडच्या जवळ. शेजारच्या अमेरिकन आजींचे मिस्टर मागच्या वर्षी गेले आणि त्यांच्या गॅरेजमध्ये १९६९ ची पॉन्टिॲक जीटीओ तशीच उभी आहे, आजोबांनी ती नवीकोरी शोरूममधून घेतली होती. ४०० चं (क्युबिक इंच) इंजिन, फोर स्पीड (हाताने बदलायचे चार गिअर), हार्डटॉप (पक्क्या छताची), गडद हिरवा रंग. १९८० च्या दशकात कधीतरी उभी केली ती परत रस्त्यावर आलीच नाही. मीटरवर ६१ हजार माइल. डाव्या फेंडरला (पुढच्या चाकावरच्या पत्र्याला) पूर्वी रंग मारलाय, बाकी रंग कंपनीचाच आहे असं आजी म्हणतात. मागच्या चाकांच्या मागे खालच्या बाजूला गंज दिसतो. फळीवर काढून ठेवलेल्या पार्ट्सचे खोके आहेत. आता एक माणूस ९ हजार डॉलर कॅश घेऊन तयार आहे, उद्या ट्रेलर आणतो म्हणतो. आजींचा भाचा म्हणतो ऑनलाइन ह्याच गाड्या ६५-७० हजाराला लावल्यात. आणि इन्शुरन्सच्या कागदावर ३५ हजार लिहिलंय. आजी मला म्हणाल्या तू इंजिनिअर आहेस, तूच सांग. मला ह्यातलं फारसं कळत नाही पण त्यांची फसवणूक होऊ नये आणि अव्वाच्या सव्वा सांगून गाडी पडूनही राहू नये असं मनापासून वाटतं. किंमत काढायची कशी?

उत्तर : नमस्कार. सगळ्यात आधी त्या ट्रेलरवाल्याला सांगा की अजून काही आठवडे गाडी विकायची नाहीये. त्याला खरंच हवी असेल तर तो परत येईल, आणि इतकी वर्षं उभी राहिलेली गाडी अजून महिनाभर उभी राहिली तर तिचं काही बिघडत नाही. घाई फक्त त्याला आहे, कारण आजींना गाडीबद्दल माहिती मिळाली की ९ हजाराचा भाव राहणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

तुमच्याकडे तीन आकडे आलेत आणि तिन्हींपैकी एकही ह्या गाडीची किंमत नाहीये. ९ हजार ही बोली लावायची सुरुवात आहे. ६५-७० हजार ही कुणीतरी मागितलेली किंमत आहे, मिळालेली नाही, आणि बहुतेक त्या गाड्या पूर्ण रिस्टोर केलेल्या, म्हणजे नव्यासारख्या करून घेतलेल्या असणार. ३५ हजार हा इन्शुरन्सचा आकडा, त्याला ॲग्रीड व्हॅल्यू म्हणतात, म्हणजे मालक आणि कंपनीने आपसात ठरवलं की गाडी पूर्ण गेली तर एवढे द्यायचे, त्यासाठी कुणी गाडीखाली झोपून गंज तपासलेला असेलच असं नाही.

मग खरा आकडा कुठे सापडतो? विकल्या गेलेल्या गाड्यांत. ब्रिंग अ ट्रेलर नावाच्या ऑनलाइन ऑक्शनच्या साइटवर जुन्या ऑक्शनचे निकाल फोटोंसकट बघता येतात, मीकम ह्या ऑक्शन कंपनीचे निकालही मिळतात, आणि हॅगर्टी ह्या जुन्या गाड्यांच्या इन्शुरन्स कंपनीचं व्हॅल्युएशन टूल आहे ज्यात गाडीला १ ते ४ नंबर देतात, १ म्हणजे प्रदर्शनात बक्षीस घेणारी आणि ४ म्हणजे डोळ्यांना दोष दिसतात पण चालते अशी. इथेच बरेच लोक चुकतात. आजींची गाडी चालत नाही, म्हणजे ती ४ च्याही खालची धरायची, पण माणूस मनातल्या मनात म्हणतो की छे, आपली तर मस्त आहे, ३ तरी धरूया, आणि तिथूनच हजारो डॉलरचा फरक पडतो. ऑक्शनचा आकडा बघताना आणखी एक ध्यानात ठेवा, बऱ्याच ठिकाणी त्यात खरेदीदाराने भरलेली फी मिळवलेली असते, मीकममध्ये ती साधारण १० टक्के असते, आणि ती विकणाऱ्याच्या खिशात जात नाही. न विकल्या गेलेल्या गाडीवर लागलेली सगळ्यात मोठी बोलीसुद्धा लिहून ठेवा, पण तो नुसता अंदाज समजा, कारण त्या भावाला सौदा झालेला नाही.

शोधताना १९६९ चीच, हार्डटॉप, ४०० आणि फोर स्पीड अशीच गाडी बघा. कन्व्हर्टिबलचा भाव वेगळा, ऑटोमॅटिकचा वेगळा, आणि जज नावाच्या खास जीटीओचा तर फारच वेगळा. त्या वर्षी ७२,२८७ जीटीओ बनल्या आणि त्यातल्या फक्त ६,८३३ जज होत्या, त्यामुळे साध्या जीटीओला जजचा भाव लावून उपयोग नाही. आजोबांची गाडी जज असती तर आजींना नक्की माहीत असतं, पण नवल म्हणजे १९६९ च्या व्हिन नंबरवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) ते कळत नाही, दोन्हींचा नंबर २४२ नेच सुरू होतो.

म्हणून आता कागदाकडे येतो, आणि माझ्या मते अख्ख्या व्यवहारातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. पॉन्टिॲकच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं, कारण कंपनीची जुनी बिलिंगची नोंद जपली गेली आहे आणि पीएचएस नावाची संस्था थोडे पैसे घेऊन तुमच्या व्हिनवरून मूळ बिलाची कॉपी पाठवते. त्यात गाडी कुठल्या डीलरकडे गेली, कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, कुठले ऑप्शन, सगळं असतं. हा कागद हातात यायच्या आधी किंमत बोलूच नका. समजा त्यात रॅम एअर नावाचं जास्त ताकदीचं इंजिन निघालं तर आत्ता मी पुढे मांडतोय ते सगळं गणित बदलेल. साधं ४०० हे ३५० हॉर्सपॉवरचं होतं, रॅम एअर थ्री ३६६ चं आणि रॅम एअर फोर ३७० चं, कागदावर फरक एवढासाच दिसतो पण बाजारात तो प्रचंड आहे.

कागद आला की इंजिनशी ताडून बघा. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, पॅसेंजरच्या अंगाला, सिलेंडर हेडच्या खाली दोन अक्षरांचा कोड असतो, ३५० हॉर्सपॉवर मॅन्युअलला तो डब्ल्यूटी असायला हवा. तिथेच जवळ, खाली टायमिंग कव्हरपाशी, गाडीच्या व्हिनमधला शेवटचा भाग ठोकलेला असतो, त्याचे शेवटचे ६ आकडे डॅशबोर्डवरच्या पट्टीशी जुळले की लोक त्याला नंबर्स मॅचिंग म्हणतात. मन्सी नावाच्या फोर स्पीड गिअरबॉक्सच्या केसवरही तसाच नंबर सापडतो. आता तिथे चाळीस-पन्नास वर्षांचा ग्रीसचा थर असेल, तो ब्रेक क्लीनर आणि मऊ कापडाने हळूच काढा, वायर ब्रश लावलेलं ड्रिल किंवा सँडपेपर अजिबात नको, कारण घासलेला नंबर दिसला की जाणकार माणूस लगेच म्हणणार हा नंतर ठोकलाय, आणि मग खरा नंबर असूनही तुम्हाला ते सिद्ध करता येणार नाही. फोटो काढा, सगळ्या कोनांतून, उजेड तिरका धरून. डॅशच्या व्हिन पट्टीला मात्र हात लावू नका, ती सैल वाटली तरी नाही.

मीटरचं सांगायचं तर त्यावर माइलचे पाचच आकडे असतात, लाख झाले की परत शून्यावर. त्यामुळे ६१ हजार की १ लाख ६१ हजार हे मीटर सांगू शकत नाही. आजींकडे जुन्या सर्व्हिसच्या पावत्या, ऑइल बदलल्याची चिठ्ठी, जुनं इन्स्पेक्शन असलं काही असेल तर शोधायला सांगा. आजोबांच्या पिढीतले लोक असले कागद सहसा फेकत नाहीत, ते ड्रॉवरमध्ये किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये असतात. पावत्या नसतील तर जाहिरातीत माइलेज “मीटरवर दिसतं ते” एवढंच लिहा.

आता गंज. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ही गाडी पहिली काही वर्षं त्या मिठातूनच गेलीय, त्यामुळे मागच्या क्वार्टरवर (मागच्या चाकाभोवतीच्या पत्र्यावर) जे दिसतंय ते वरवरचं आहे असं गृहीत धरू नका. डिकीतलं मॅट उचला आणि फ्लोअर बघा. मागच्या काचेच्या खालची पट्टी बघा, विशेषतः छतावर व्हायनिलचं आवरण असेल तर, कारण त्याखाली पाणी धरून राहतं. पुढचे कार्पेट उचला. मग गाडी जॅक स्टँडवर नीट उभी करून मागच्या चाकांजवळची फ्रेम टोकदार स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचून बघा. क्वार्टरचं पत्र्याचं काम महाग असलं तरी ते रोज होतं, फ्रेम गेलेली असेल तर निम्मे खरेदीदार तिथूनच परत जातात. हे सगळं लपवायचं नाही, उलट गंजाचे फोटो सगळ्यात स्पष्ट काढायचे. ज्याने फोटोत गंज बघून किंमत मान्य केली तो माणूस गॅरेजमध्ये येऊन तोच गंज दाखवून भाव पाडू शकत नाही, आणि एकट्या आजींना दारात उभं राहून घासाघीस करावी लागत नाही.

रंगाचं आजी म्हणतात ते तपासता येतं. पेंटची जाडी मोजायचं छोटं मीटर मिळतं, एखाद्या बॉडी शॉपवाल्याकडे असतंच. कंपनीचा रंग पातळ आणि सगळीकडे साधारण सारखा लागतो, परत मारलेल्या जागी आकडा जवळपास दुप्पट होतो आणि पुट्टी असेल तिथे तर कैक पटीने. डाव्या फेंडरला जास्त आणि बाकी सगळीकडे कमी आलं तर हा आकड्यांचा कागदच जाहिरातीत लावा. मूळ रंगाची, एकाच मालकाची, कुणी हात न लावलेली गाडी शोधणारे लोक वेगळेच असतात, ते चमक शोधत नाहीत, त्यांना कारखान्यातून आलेलं शिवण, वेल्ड, खुणा, स्टिकर बघायचे असतात. शिकागोजवळ रोझमाँटला दर नोव्हेंबरला मसल कार आणि कॉर्व्हेटचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे धुळीसकट आणलेल्या गाड्यांचा वेगळा विभाग असतो आणि लोक तिथे तासन्‌तास उभे राहून बघतात. म्हणून कृपा करून गाडी विकायच्या आधी पॉलिश, टचअप, सीट कव्हर, इंजिनला काळा स्प्रे, ह्यातलं काहीही करू नका. व्हॅक्यूम मारा, उंदरांची घरटी काढा, काच पुसा, बास.

आणि चालू करून बघायचा मोह तर आवराच. इतकी वर्षं थांबलेलं इंजिन बॅटरी लावून सरळ फिरवलं तर रिंग अडकलेल्या असतील, व्हॉल्व्ह चिकटलेला असेल, आणि दोन मिनिटांच्या हौसेपायी मूळ इंजिन जाईल. प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडून काही दिवसांनी हाताने पाना लावून क्रँक फिरतो का बघायचं, तेही जमणाऱ्या माणसाकडून. फिरला तर “इंजिन हाताने फिरतं” एवढ्या एका वाक्याने किंमत वाढते.

खोक्यांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय पण मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. आजोबांनी कदाचित मूळ कार्बोरेटर, एअर क्लीनर, डिस्ट्रिब्युटर, चाकं असं काही काढून जपून ठेवलं असेल. क्वाड्राजेट कार्बोरेटरवर नंबर असतो, तो १९६९ च्या मॅन्युअल जीटीओचा निघाला तर ते खोकं गाडीसोबतच जायला हवं. असा एखादा माणूस नक्की येईल जो म्हणेल गाडी नको, पण हा जुना एअर क्लीनर दोनशेला देता का. नाही द्यायचा. गाडीपासून सुटला की तो नुसता पार्ट, गाडीबरोबर असला की तो तिच्या खरेपणाचा पुरावा.

आता गणित. बरेच लोक काय करतात, रिस्टोर केलेल्या गाडीची किंमत घेतात आणि त्यातून रिस्टोरेशनचा खर्च वजा करतात. हे मला पटत नाही, कारण आजच्या मजुरीत फक्त बॉडी आणि पेंटचंच काम सहज २० हजाराच्या वर जातं, मग इंजिन, इंटीरियर, क्रोम धरलं की उत्तर शून्य किंवा शून्याच्याही खाली येतं, आणि घेणारा नेमकं हेच गणित आजींना ऐकवणार. पण मूळ रंगाची गाडी घेणाऱ्याला ती रिस्टोर करायचीच नसते, तो पैसे त्या न बदललेल्या अवस्थेसाठीच देतो, मग न होणाऱ्या कामाचा खर्च वजा कशाला करायचा? वजा करायचा तो फक्त गाडी सुरक्षितपणे रस्त्यावर आणायचा खर्च आणि जो गंज थांबवणं भागच आहे त्याचा.

उदाहरण म्हणून बघा, हे आकडे समजुतीसाठी आहेत, तुम्ही तुमचे घालायचे. समजा चालत्या, ठीकठाक, जुना रिपेंट असलेल्या अशाच फोर स्पीड गाड्या ३७ हजाराच्या आसपास खरोखर विकल्या गेल्याचं सापडलं. पेट्रोलची टाकी, पाइप, कार्बोरेटर, पूर्ण ब्रेक, टायर, होज ह्याचे ५ हजार गेले. क्वार्टर आणि डिकीच्या गंजाचे ९ हजार. इंजिन आतून कसं आहे कुणालाच माहीत नाही, ती जोखीम घेणाऱ्याची, त्याचे ३ हजार. राहिले २० हजार. पीएचएसचा कागद, जुळणारे नंबर, एकच मालक, मूळ रंग, जपलेले पार्ट्स ह्याचे ३ हजार वर धरले तर २३ हजार. मग मी जाहिरातीत २५ हजार लावेन आणि मनात २१ च्या खाली जायचं नाही असं ठरवेन. इंजिन मूळचं नाही निघालं तर सरळ ५-६ हजार खाली या आणि तसं जाहिरातीत स्वतःहून लिहा. फ्रेम सडलेली निघाली तर हे गणित बाजूला ठेवून पार्ट्ससाठी किंवा प्रोजेक्ट म्हणून विकल्या गेलेल्या गाड्यांचे भाव बघायचे, आणि तेव्हा कदाचित ९ हजारवालाही अगदी चुकीचा नसेल, हे आजींना आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही.

कुणाला दाखवायची? नुसती जनरल साइटवर टाकू नका. जीटीओ असोसिएशन ऑफ अमेरिका आणि पॉन्टिॲक ओकलंड क्लब, ह्या दोन्ही संस्थांचे लोक तुमच्या भागातही असतात, त्यांच्यातल्या एखाद्या जुन्या सदस्याला गाडी बघायला बोलवा, पण जो घेणार नाही अशालाच किंमत विचारा. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींसाठी प्रसिद्ध असलेल्या हेमिंग्जमध्ये जाहिरात द्या. ऑनलाइन ऑक्शनला लावायची तर रिझर्व्ह, म्हणजे जिच्याखाली विकायची नाही अशी किंमत, ठेवून लावा. महिनाभर चांगल्या जागी जाहिरात असून एकही गंभीर फोन आला नाही तर किंमत जास्त आहे असं समजा, आणि पहिल्याच दिवशी पाच जण पूर्ण किमतीला तयार झाले तर दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबा.

शेवटचं कागदाचं. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, आजोबांच्या नावावर असणार. ओहायोत नवरा किंवा बायको मागे राहिली असेल तर सर्व्हायव्हिंग स्पाउसचं ॲफिडेव्हिट करून गाडी नावावर करून घेता येते, त्याला किमतीची मर्यादा आहे, काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसात विचारा. आजींच्या नावाचं टायटल हातात आल्यावरच जाहिरात द्या. आणि ओहायोत विकणाऱ्याची सही नोटरीसमोर लागते, तेव्हा “सही करून ठेवा, बाकी मी भरतो” म्हणणाऱ्याला टायटल द्यायचं नाही. एखाद्या अप्रेझरकडून (किंमत ठरवणाऱ्या तज्ज्ञाकडून) लेखी किंमतही करून घ्या, वारशात आलेल्या वस्तूची मृत्यूच्या तारखेची किंमत टॅक्सच्या कामाला येते, पुढचं त्यांचा सीपीए (टॅक्सचा हिशेब बघणारा अकाउंटंट) सांगेल.

प्रश्न : सर, मी टेक्सासमध्ये असतो. १९७० ची शेवरोले शेव्हेल बघितलीय, मालक म्हणतो ओरिजिनल एसएस ४५४ (४५४ क्युबिक इंच इंजिनाची ताकदवान शेव्हेल) आहे, रिस्टोर केलेली नाही, त्यामुळे किंमतही तशीच सांगतोय. कागद काहीच नाहीत. बॅज, हूड, सगळं एसएसचं दिसतंय. द्यावेत का एवढे?

उत्तर : पुरावा नसेल तर मालिबूची, म्हणजे साध्या शेव्हेलची किंमत द्या, एसएसची नाही. १९७० ला एसएस हा ऑप्शन पॅकेज होता आणि व्हिनवर तो दिसत नाही, व्ही-८ मालिबू आणि एसएस दोघांचीही सुरुवात १३६ नेच होते. वर पॉन्टिॲकवाल्यांना सांगितलं तशी कंपनीची नोंद अमेरिकेत विकलेल्या शेव्हेलसाठी मिळत नाही. त्यामुळे जे काय ते गाडीतच शोधायचं. बिल्ड शीट (गाडी जोडताना कारखान्यात वापरलेला तपशिलाचा कागद) बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेलं सापडतं, मालकाला विचारून शोधा. इंजिनच्या पॅडवरचा (ब्लॉकवरच्या सपाट जागेवरचा) कोड आणि अर्धवट व्हिन बघा, पॅडवर कारखान्यातल्या मशीनच्या बारीक समांतर रेघा आहेत का तेही बघा, गुळगुळीत असेल तर ब्लॉक नंतर घासलेला आहे. बॅज, हूड, गोल मीटरचा डॅश, ट्वेल्व्ह बोल्ट रिअर (मागचा मजबूत ॲक्सल), हे सगळं विकत मिळतं आणि बसवता येतं. आणि त्याने एलएस ६ हा शब्द काढला तर अजून सावध व्हा, ४५० हॉर्सपॉवरच्या त्या इंजिनाच्या एकूण ४,४७५ च बनल्या आणि तसं म्हणवणाऱ्या गाड्या पुष्कळ फिरतात. मालक खरं बोलत असेलही, पण उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा पुढचा माणूस हेच विचारणार.

प्रश्न : आमच्याकडे १९६९ ची फोर्ड मस्टँग माक वन आहे, रंग उडालाय. विकायच्या आधी ३-४ हजारात रंग मारून घेतला तर तेवढे तरी वसूल होतील ना?

उत्तर : नाही होणार, उलट जातील. ३-४ हजारात जो रंग होतो त्याच्याखाली काय झाकलंय ही शंका प्रत्येक घेणाऱ्याला येते आणि तो तेवढे पैसे वजा करूनच बोलतो. तेच पैसे न घालवता मार्टी रिपोर्ट मागवा, केव्हिन मार्टींकडे १९६७ पासूनच्या फोर्डच्या प्रॉडक्शनची माहिती आहे, तुमची गाडी कुठल्या रंगात, कुठल्या इंजिनात, कुठल्या ऑप्शनमध्ये बनली ते त्यात येतं. तो येईपर्यंत व्हिनमधलं पाचवं अक्षर बघा. एच किंवा एम असेल तर ३५१ चं इंजिन, एस असेल तर ३९० चं, आणि क्यू किंवा आर निघालं तर ती ४२८ कोब्रा जेट ह्या ताकदवान इंजिनाची गाडी, मग मात्र कुणालाही किंमत सांगायच्या आधी इंजिन तेच आहे का हे तपासून घ्या. उडालेल्या रंगासकट फोटो काढा, काच आणि बॉनेटच्या मधल्या जाळीखाली पाणी गळतं का ते कार्पेट उचलून बघा, पुढच्या शॉक टॉवरला (शॉक ॲब्जॉर्बर जिथे वर बसतो त्या पत्र्याला) तडे आहेत का बघा, आणि जे सापडेल ते जाहिरातीत लिहा.